लिहिलेला कल्याण

गाणं लिहून ठेवू नये, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. ते मी शिकायला येणाऱ्या मुलींना सांगितलं, मैफलीनंतरच्या गप्पांत मांडलं, प्रसंगी वाद घालून पटवलंही. आज ते मत माझं नाही. ते कसं बदललं आणि बदलूनही त्यातलं काय शिल्लक राहिलं, हे एकदा नीट सांगायला हवं. कारण माझ्याकडे शिकून गेलेल्या काही मुलींनी माझं जुनं मतच सोबत नेलं आहे आणि त्या आता स्वतः शिकवायला लागल्या आहेत.

मी ठाकुर्लीची. वडील चोळ्याच्या पॉवर हाउसमध्ये होते. जी.आय.पी. रेल्वेनं गाड्या विजेवर चालवण्यासाठी उभारलेलं ते वीजघर. ते बंद पडून काळ लोटला, तरी चोळे हे गावाचं नाव आणि त्याला जोडलेलं 'पॉवर हाउस' जुन्या लोकांच्या तोंडून गेलेलं नाही. दुसरं नाव कायम कानावर पडायचं ते कल्याणचं. कल्याण स्लो, कल्याण फास्ट, कल्याणचा बाजार, कल्याणचं कोर्ट. माझं गाणंही कल्याणलाच सुरू झालं. गुरुजी जुन्या कल्याणात, पारनाक्याच्या बाजूला राहायचे. त्यांनी पहिला राग दिला तो यमन, म्हणजे कल्याण थाटाचा आश्रय राग. षड्जापासून निषादापर्यंत सगळे स्वर शुद्ध, एकटा मध्यम तीव्र. कल्याणला जाऊन कल्याण शिकायचा, यात मला त्या वयात काही विशेष वाटलं नाही. राग त्या गावाचाच असणार, असं मी गृहीत धरून चालले होते.

तसं काही नाही. 'कल्याण' म्हणजे शुभ, मंगल. रागाला ते नाव वेगळ्या वाटेनं आलं आणि गावाला वेगळ्या. पण अशी समजूत होणं अगदीच निराधारही नव्हतं, कारण आपल्या संगीतात गावं आणि प्रांत जागोजाग आहेत. मुलतानी, जौनपुरी, सोरठ, गुर्जरी तोडी ही नावंच पाहा. कर्नाटाचा कानडा झाला. मतंगाच्या 'बृहद्देशी'तही देशोदेशीची नावं घेतलेले राग भेटतात. घराणी तर बहुतेक गावांच्याच नावानं ओळखली जातात: ग्वाल्हेर, आग्रा, किराना, पतियाळा. आपल्या मुंबईतल्या भेंडीबाजारालाही त्यात मानाची जागा आहे.

स्वरलेखनातला शब्द आणि नकाशावरचा शब्द एकच असणं, हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. फ्रेंच स्वरलिपीत दोन मात्रांच्या पोकळ खुणेला 'ब्लांश' म्हणतात, म्हणजे पांढरी. एका मात्रेच्या भरीव खुणेला 'नुआर' म्हणतात, म्हणजे काळी. पॅरिसमध्ये 'प्लास ब्लांश' नावाचा चौक आहे. मोंमार्त्रच्या खाणींतून प्लास्टरचे गाडे तिथून जायचे, त्यांच्या पांढऱ्या धुळीवरून ते नाव पडलं. आफ्रिकेत काँगोच्या किनाऱ्यावर 'पॉइंट-नुआर' हे बंदर आहे. तिथल्या काळ्या खडकांवरून पोर्तुगीज दर्यावर्द्यांनी दिलेल्या नावाचं ते फ्रेंच रूप. चौकाचा आणि मात्रेचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्हीकडे नावानं एकच काम केलं आहे: डोळ्यांना दिसेल अशी एखादी गोष्ट धरायची आणि तिच्यावरून पुढच्या माणसाला जागा दाखवायची.

माझा जुना आक्षेप नेमका इथेच होता. स्टेशनावरची पाटी म्हणजे कल्याण शहर नव्हे आणि कागदावरचा 'म' म्हणजे तीव्र मध्यम नव्हे, असं मी म्हणायचे. गुरुजींच्या खोलीत वहीला मज्जाव होता. "वहीत उतरलं की कानातून उतरतं," असं ते म्हणत आणि मुलं खरोखर कान देऊन ऐकत. एकेक बंदिश महिना-महिना चालायची. स्थायी घोटून घोटून अंगात मुरली की मगच अंतरा. ती शिस्त मला आजही मोलाची वाटते.

त्या मताला आधारही भक्कम होते. शुद्ध कल्याण घ्या. त्याचा आरोह भूपासारखा पाच स्वरांचा. अवरोहात तार षड्जावरून येताना निषाद आणि पंचमावरून गंधाराकडे येताना तीव्र मध्यम, हे दोन स्वर मींडेत असतात. काही गायक ते किंचित उघड दाखवतात, काही इतके आत ठेवतात की ऐकणाऱ्याला त्यांची नुसती चाहूल लागते. ही चाहूल कागदावर कशी उतरवणार? स्वरांच्या डोक्यावर एक कमान काढली की मींड झाली, असं पुस्तक सांगतं. त्या कमानीखाली किती वेळ घ्यायचा, मध्यमावर किती रेंगाळायचं, आवाज कुठे हलका सोडायचा, यातलं काहीच ती सांगत नाही. दरबारीचा कोमल गंधार तर जागेवर स्थिर राहतच नाही. त्याच्याखाली आडवी रेघ ओढून तो 'कोमल' ठरवला, तरी त्याचं आंदोलन रेघेत येत नाही.

त्यामुळे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्याबद्दल माझ्या मनात अढी होती. १८६०मध्ये वाळकेश्वरला जन्मलेला, वकिली शिकलेला हा माणूस. मला वाटायचं, त्यांनी कज्ज्याचे कागद लावावेत तसे राग लावले. दहा थाटांचे दहा कप्पे केले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. ज्याला नाव कल्याणचं, तो पूरिया कल्याण त्यांच्या हिशेबात मारवा थाटात. मग अशा कप्प्यांचा उपयोग काय, असं मी विचारायची आणि समोरचा गप्प झाला की आपलं म्हणणं सिद्ध झालं असं धरायची.

या मताला पहिला तडा गेला तो गुरुजी गेल्यानंतर. त्यांच्याकडे श्याम कल्याणातली एक बंदिश होती, ती इतर कुणाकडून मी ऐकलेली नाही. त्यांच्या स्मरणार्थ आम्ही गुरुभगिनींनी ती एकत्र म्हणायचं ठरवलं. स्थायी सगळ्यांची जुळली. अंतरा मात्र प्रत्येकीचा निराळा निघाला. एकीच्या अंतऱ्यात शब्द वेगळे, दुसरीचा उठाव वेगळ्या मात्रेवरून, तिसरीला दुसरी ओळच आठवेना. कुणी चुकत होतं असं मी म्हणणार नाही. गुरुजींनी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या मुलींना कदाचित वेगवेगळं दिलंही असेल. पण ताडून पाहायला काहीच हाताशी नव्हतं. त्या चिजेचं मूळ अंग आता कुणालाच सांगता येणार नाही. कान हाच एकमेव ठेवा मानला, की कान असलेली माणसं गेल्यावर ठेवाही जातो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग मी भातखंडे वाचायला घेतले, आणि खरं सांगायचं तर दोष काढण्यासाठीच घेतले. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा त्यांचा मराठीतला मोठा ग्रंथ गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, कधी जुन्या ग्रंथांशी वाद घालतो, कधी गायकांमध्ये मतभेद आहेत असं सांगून दोन्ही बाजू पुढे ठेवतो. मी कपाटं लावणाऱ्या कारकुनाला शोधत होते. पानापानावर भेटला तो ऐकणारा माणूस.

भूपानं माझं मत सर्वांत जास्त हलवलं. भूपात मध्यम नाही. मग तो कल्याण थाटात कसा? थाट ठरतो मध्यमावरून. शुद्ध असता तर बिलावल, तीव्र असता तर कल्याण. इथे मध्यमच नाही, म्हणजे नुसते स्वर मोजून निर्णय होणार नाही. देशकारचे स्वरही तेच पाच: सा, रे, ग, प, ध. तरीही भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात ठेवला. कारण भूपाचा जीव गंधारावर आणि चाल कल्याणाच्या अंगाची. देशकार धैवतावर उभा, उत्तरांगातून चालणारा, सकाळचा. कागदावर दोघांचे स्वर सारखेच दिसतात, म्हणून हा भेद कानानंच करावा लागतो, आणि त्यांनी तो कानानंच केला. पूरिया कल्याणाचंही तेच. नावात कल्याण असला तरी कोमल ऋषभ त्याला मारव्याकडे नेतो, हे त्यांनी नावाच्या मोहात न पडता नोंदवलं. ज्याला मी कप्पे करणारा म्हणत होते, त्यानं कप्प्यांपेक्षा चालीला जास्त मान दिला होता.

नंतर त्यांची धडपडही कळत गेली. 'गायन उत्तेजक मंडळी' ही मुंबईतल्या पारशी रसिकांची संस्था, तिथे त्यांनी गाण्याचं शिक्षण घेतलं. पुढे जयपूर, रामपूर अशा ठिकाणच्या उस्तादांकडून त्यांनी चिजा मिळवल्या. खानदानी चीज बाहेर जाऊ द्यायची नाही असा तो काळ. १९०४मध्ये ते दक्षिणेत गेले आणि एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितर यांना भेटले. दीक्षितरांचा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा तेलुगू ग्रंथ त्याच वर्षी छापला गेला. त्यात गमकांसाठी वेगवेगळ्या खुणा आहेत. म्हणजे जे लिहिता येत नाही असं मी म्हणत होते, तेच लिहून काढण्याचा प्रयत्न एका परंपरेच्या वारसानं, परंपरेच्या घरात बसूनच केला होता.

आणखी एका गोष्टीनं मला निरुत्तर केलं. भातखंड्यांचे सर्वांत लाडके शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर. त्यांना त्यांनी नुसत्या पुस्तकांवर वाढवलं नाही. बडोद्याला आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांसमोर बसून रातंजनकरांनी तालीम घेतली. ज्यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीत छापल्या, त्यांनी आपल्या शिष्यासाठी जिवंत गुरूच निवडला. स्वरलिपी गुरूची जागा घेते, असा दावा त्यांनी केलाच नव्हता. तो त्यांच्या माथी मारून मी त्यांच्याशी भांडत होते.

पलुस्करांची गोष्ट वेगळी आणि तितकीच मोठी. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर मिरजेला बाळकृष्णबुवांकडे शिकले आणि ५ मे १९०१ला लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर. त्यांची स्वरलिपी भातखंड्यांहून निराळी आणि खुणांनी जास्त भरलेली. पण दोघांच्या खटपटीतून दार उघडलं ते एकच. गाणाऱ्या घराण्यात न जन्मलेल्या मुलाला, त्याहून जास्त मुलीला, कुणाच्या मर्जीची वाट न पाहता सुरुवात करता येऊ लागली. 'प्रारंभिक'पासून 'विशारद'पर्यंतच्या परीक्षांना बसलेल्या किती मुली ठाकुर्ली-डोंबिवलीच्या चाळींतून आणि रेल्वे क्वार्टर्समधून आल्या, ते मी पाहिलं आहे. परीक्षेचं गाणं म्हणजे गाणं नव्हे, असं मीही म्हटलेलं आहे. पण त्या परीक्षांनी ज्यांना आत घेतलं, त्यांना मी वहीविना आत घेतलं असतं का, याचं प्रामाणिक उत्तर 'नाही' असंच आहे. माझ्याकडे वेळही तेवढा नव्हता आणि जागाही.

याच सुमारास मी माझ्या शेजारच्या शहराचा इतिहास वाचत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनाम ग्रीक व्यापाऱ्यानं आपल्या किनाऱ्याची माहिती लिहिली. 'पेरिप्लस' या नावानं ती ओळखली जाते. त्यात 'कॅलिएना' नावाचं बंदर येतं. तिथल्या व्यापारावर निर्बंध आहेत, चुकून तिथे लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाऊ शकतं, असं तो बजावतो. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत दान देणारे व्यापारी आणि कारागीर ब्राह्मी अक्षरांत आपण कल्याणचे असल्याचं कोरून ठेवतात. त्या ग्रीकाच्या कानाला आपले उच्चार नीट उमजले नाहीत. त्याच्या लिपीत ते बसणारही नव्हते. त्यानं लिहिलेलं नाव अर्धवट आहे. पण ते त्यानं लिहिलं, म्हणून आज जवळजवळ दोन हजार वर्षांनी आपण बोट ठेवून म्हणतो की हेच ते, दुर्गाडीच्या पायथ्याच्या खाडीचं कल्याण. अर्धवट लिहिलेल्या नावानं शहर सापडलं. गुरुजींच्या पूर्ण, निर्दोष, न लिहिलेल्या अंतऱ्याचा मात्र आज पत्ता नाही.

माझी एक विद्यार्थिनी लग्नानंतर बंगळूरला गेली. तिनं तिथे कर्नाटक संगीत शिकायला सुरुवात केली आणि एक दिवस फोनवर मला 'कल्याणी' म्हणून दाखवली. आपल्या कल्याण थाटाचे सगळे स्वर त्यात होते, पण चाल वेगळी आणि हलणारी. तिनं सांगितलं, तिथे ७२ मेळांच्या मांडणीत या रागाला 'मेचकल्याणी' म्हणतात. 'मे' आणि 'च' या अक्षरांचे कटपयादी पद्धतीनं अंक काढले, की ५ आणि ६ येतात. ते उलटे वाचले की ६५, म्हणजे मेळाचा क्रमांक. नाव घेतलं की रागाचा पत्ता हातात. तिनं दोन्ही राग शेजारी शेजारी लिहून मला पाठवले. आपल्याकडचा यमन भातखंडे लिपीत, तिकडची कल्याणी त्यांच्या खुणांसह. तो कागद पाहताना माझ्या लक्षात आलं, की दोन परंपरांना एका टेबलावर बसवायचं तर कागद लागतो. ज्याचा कान एकाच घरात वाढला, त्याला दुसऱ्या घराचं बोलणं कळायला आधी काहीतरी समोर ठेवावं लागतं.

कुमार गंधर्वांनी घराण्यांची कुंपणं ओलांडली, स्वतःच्या मनाची वाट काढली, हे सगळे मानतात. त्याच कुमारजींनी 'अनूपरागविलास' हे आपल्या बंदिशींचं पुस्तक स्वरलिपीसह १९६५मध्ये छापलं. लिहिल्यानं स्वातंत्र्य जातं असं असतं, तर इतक्या स्वतंत्र माणसानं ते केलं नसतं.

जुन्या मतातलं जे राहिलं, तेही सांगते. स्वर आधी कानानं घ्यायचा, हे मी सोडलेलं नाही. मुलीनं बंदिश पहिल्यांदा पुस्तकातून उचलली, तर तिच्या गळ्यात रेघा आणि कमानी येतात, राग येत नाही. हे मला आजही दिसतं. म्हणून माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी मी म्हणते, त्या म्हणतात, चीज बसते. मग वही उघडते. मात्र मी लिहून देत नाही. ज्याचं त्यानं ऐकून लिहायचं: समेला फुली, खालीला शून्य, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मग आम्ही वह्या एकमेकींशी ताडून पाहतो. जिथे दोघींचं लिखाण वेगळं पडतं, तिथेच बहुतेक रागाचं मर्म असतं. एकीला मींडेत निषाद ऐकू आलेला असतो, दुसरीला नसतो. पूर्वी हा फरक मला कळायचाच नाही, कारण तो उघडा पडायला जागाच नव्हती. लिहिल्यानं कान बोथट होतो, असं मी म्हणायचे. ऐकून लिहायला लावल्यावर तो धारदार होतो, हे मी आता माझ्या खोलीत रोज पाहते.

भातखंडे लिपीत स्वरापुढे आडवी रेघ काढली, की तो स्वर आणखी एक मात्रा चालू ठेवायचा. नवख्या मुली तिला रिकामी जागा समजून थांबतात. मी त्यांना आमच्या महापालिकेचं नाव फळ्यावर लिहून दाखवते: कल्याण-डोंबिवली. या दोन नावांच्या मधल्या रेघेत काय आहे? ठाकुर्ली आहे. माणसं आहेत, घरं आहेत, आपण बसलोय ती खोली आहे. रेघ रिकामी नसते, तिथे सूर चालू असतो. मुली हसतात, आणि पुन्हा त्या रेघेवर थांबत नाहीत.

माझ्याकडून गेलेल्या मुलींना मला आता एवढंच सांगायचं आहे. मी तुम्हाला वहीपासून लांब ठेवलं, ते गाण्याच्या मायेपोटी. त्याच मायेपोटी आता सांगते, की माझ्याकडून घेतलेलं सगळं लिहून काढा. जसं आठवेल तसं, अर्धं आठवलं तर अर्धं, दोन पाठ आठवले तर दोन्ही. वर बंदिश कुणाची, कुठे शिकलात, ते लिहा. लिहिलेलं अपुरं असेल. ते पुरं करायला जिवंत गळा लागेल, आणि तो तुमचा आहे. पण उद्या ज्या मुलीच्या वाट्याला तुमचा गळा येणार नाही, तिला निदान कुठून शोधायला लागायचं, ते कळलं पाहिजे. मी श्याम कल्याणाच्या त्या बंदिशीची स्थायी आणि आम्हा सगळ्यांचे निरनिराळे अंतरे एका वहीत लिहून ठेवले आहेत. ज्यांना आणखी एखादी ओळ आठवत असेल, त्यांनी ठाकुर्लीला यावं. ती वही सगळ्यांसाठी उघडी आहे.